बत्तीस फ्रेमची उडी

‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये मारिओ जागच्या जागी उभा असताना उडीचं बटण दाबून धरा. पहिल्या फ्रेमला (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, सेकंदाला सुमारे साठ) तो चार पिक्सेलच्या वेगानं वर निघतो. मग दर फ्रेमला त्या वेगातून पिक्सेलचा आठवा हिस्सा वजा होत जातो. बत्तिसाव्या फ्रेमपर्यंत वेग संपतो आणि तोवर स्वारी चौसष्ट पिक्सेलच्या आसपास पोचलेली असते. एक वीट सोळा पिक्सेलची, म्हणजे चार विटा उंच. भरधाव पळत येऊन उडी घेतली तर सुरुवातीचा वेग पाच, वजावट थोडी जास्त आणि उंची साधारण पाच विटा. बटण मध्येच सोडलं तर खाली ओढणारा जोर एकदम साडेतीन पट होतो, आणि म्हणूनच टिचकी मारली की छोटी उडी आणि बोट दाबून ठेवलं की मोठी.

१९८५ सालच्या त्या अख्ख्या गेमचा पसारा चाळीस किलोबाइट. त्यातही या उडीचे आकडे म्हणजे सात-सात बाइटच्या तीन लहानशा रांगा. जुना प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, आजच्या लोकांसाठी पुन्हा बाजारात आणायचा, तर माझ्या मते पहिली जबाबदारी या आकड्यांची असते. चित्रं नंतर, संगीत नंतर, जाहिरात तर फारच नंतर. उडी चुकली की बाकी कितीही सजवा, खेळणाऱ्याच्या अंगठ्याला दोन मिनिटांत कळतं की हे ते नव्हे. त्याला कारण सांगता येत नाही, पण अंगठा खोटं बोलत नाही.

गंमत म्हणजे मूळ कंपनीचाही यात पाय घसरतो. निन्टेन्डोनं १९९३ मध्ये ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या नावानं जुने मारिओ गेम सुपर निन्टेन्डोवर नव्या चित्रांसह आणले. त्यातल्या पहिल्या गेममध्ये डोक्यानं वीट फोडल्यावर मारिओ खाली आपटण्याऐवजी तसाच वर जात राहतो. मूळ गेममध्ये वीट फुटली की तो झटक्यानं खाली येतो, आणि त्या परतीच्या भरवशावर लोक विटांखालून पळत रस्ता काढतात. चूक एवढीशी, पण जिथं विटांची रांग आहे तिथं सगळा हिशेब बिघडतो. पुढे २०१० मध्ये मारिओच्या पंचविशीनिमित्त तोच संग्रह ‘वी’ या यंत्रावर पुन्हा निघाला, तो जसाच्या तसा, या चुकीसकट.

‘क्रॅश बॅन्डिकूट’चं उदाहरण याहून बोलकं आहे. २०१७ मध्ये व्हिकेरियस व्हिजन्स या स्टुडिओनं ‘एन. सेन ट्रिलजी’त पहिले तीनही गेम नव्यानं बांधले. प्रत्येक झाड, प्रत्येक खेकडा नव्यानं घडवला आणि दिसायला काम देखणंच झालं. पण मूळ गेमचा खेळवणारा कोड त्यांनी वापरला नाही, धडकेचं गणित नव्यानं लिहिलं. नव्या गणितात नायक क्रॅशभोवतीचा अदृश्य आकार औषधाच्या कॅप्सूलसारखा, खालून गोल. गोल तळ फळीच्या कडेवर टेकला की घसरतो. जुन्या गेममध्ये पायाचा कोपरा टेकला तरी भागत असे. त्यात तिन्ही भागांची हाताळणी तिसऱ्या भागाच्या जवळची ठेवली होती आणि उडीनंतरचं खाली येणंही जलद झालं होतं. पहिल्या भागाच्या लेव्हल मात्र पहिल्या भागाच्या उडीसाठी मापून बनवलेल्या. ‘द हाय रोड’ नावाच्या तुटक्या पुलाच्या लेव्हलमध्ये लोक जे पटापट दरीत पडू लागले ते यामुळे. तक्रारी वाढल्यावर स्टुडिओनंही फरक असल्याचं मोकळेपणानं मान्य केलं.

यातून जो कामाचा नियम निघतो तो असा: लेव्हल आणि उडी एकाच मापानं शिवलेली असतात. दरीची रुंदी, फळीची उंची, शत्रूच्या फेरीची लांबी हे सगळं त्या एका कमानीवर बेतलेलं असतं. अंगरखा तोच ठेवून माणूस बदलला तर शिवण उसवणारच.

पण मग आजच्या खेळणाऱ्यांची सवय? २०१८ च्या ‘सेलेस्ट’सारख्या गेममध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही दशांश सेकंद उडी घेता येते. ही सवलत दिसत नाही, म्हणून तर ती छान वाटते. जुन्या मारिओत ती नाही: पाय सुटला की सुटला. आजच्या मुलाला तो गेम ‘बटणच घेत नाही’ असा वाटतो, त्याचं एक कारण हे. ही सवलत जुन्या गेममध्ये घालावी का? मेन्यूत वेगळा पर्याय म्हणून, मूळ पद्धत आधीपासून निवडलेली ठेवून, जरूर घालावी. मूळ कोडमध्ये गुपचूप मिसळू नये. सहा फ्रेमची सवलत म्हणजे पूर्ण वेगात पंधरा पिक्सेल. दरीची रुंदी एका विटेनं कमी केल्यासारखंच झालं ते.

आता उशिराबद्दल, म्हणजे बटण दाबणं आणि उडी दिसणं यांच्यामधल्या वेळाबद्दल. यावर जास्त वेळ घालवावा लागेल, कारण पुनर्प्रकाशित गेमबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथं जन्मतात आणि त्यांचं खापर भलत्याच गोष्टीवर फुटतं.

पूर्ण वेगात मारिओ दर फ्रेमला अडीच पिक्सेल धावतो. जुन्या काचेच्या टीव्हीत सिग्नल आला की तो त्याच क्षणी पडद्यावर रंगत असे, मध्ये थांबण्याची जागाच नव्हती. आजच्या साखळीत मात्र ठिकठिकाणी जकात नाके आहेत. बिनतारी कंट्रोलर, त्याची बातमी घेणारी यंत्रणा, एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर), चित्र फाटू नये म्हणून लावलेली रांग, आणि शेवटी टीव्हीचं स्वतःचं सुशोभीकरण. रांगेतली प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद खाते. सगळं मिळून सहा फ्रेम उशीर झाला, तर बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत मारिओ पंधरा पिक्सेल पुढे गेलेला असतो, म्हणजे जवळजवळ अख्खी वीट. खेळणारा म्हणतो, “मी दाबलं होतं!” आणि त्यानं खरंच दाबलेलं असतं.

हे मोजायला महागडी यंत्रं लागत नाहीत. सेकंदाला २४० चित्रं टिपणारा मोबाइल पुरतो. कंट्रोलरच्या बटणाला एक बारीक एलईडी जोडायचा, तो आणि पडदा एकाच चौकटीत येतील असा मोबाइल उभा करायचा, आणि दिवा लागल्यापासून मारिओचे पाय हलेपर्यंतची चित्रं मोजायची. एक चित्र म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. एकदा मोजून थांबू नये, किमान वीस वेळा मोजावं, कारण बटण फ्रेमच्या सुरुवातीला दाबलं गेलं की शेवटी, यावरच फ्रेमभराचा फरक पडतो. सरासरीइतकंच वर-खाली किती होतं हेही पाहावं. सतत चार फ्रेम उशीर असेल तर हात जुळवून घेतो. कधी दोन तर कधी सहा असेल तर मात्र जगातला कुठलाही हात जुळवून घेऊ शकत नाही.

उपाय क्रमानं करावेत. आधी टीव्हीचा गेम मोड चालू करणं, कारण सगळ्यात मोठी सूट तिथंच मिळते आणि ती फुकट असते. मग चित्रांची रांग एका फ्रेमवर आणणं. कंट्रोलर फ्रेमच्या सुरुवातीला न वाचता, गेमनं स्वतः विचारायच्या अगदी आधी वाचणं. एवढ्यावर भागलं नाही तर पुढे धावून पाहण्याची युक्ती आहे, जी रेट्रोआर्क या एम्युलेटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं २०१८ मध्ये लोकप्रिय केली. एम्युलेटर यंत्राची स्थिती जपून ठेवतो, आत्ताचं बटण धरून एक-दोन फ्रेम पुढचं गणित करतो, ते पुढचं चित्र दाखवतो आणि जपलेल्या स्थितीवर परत येतो. गेमच्या अंगचाच जो उशीर असतो, तोही यात कापला जातो. पण गेमचा स्वतःचा उशीर एका फ्रेमचा असताना तीन फ्रेम पुढे धावलात, तर उडीच्या सुरुवातीची चित्रंच गायब होतात आणि मारिओ एकदम हवेत उगवतो. शिवाय प्रोसेसरला दर फ्रेमला दुप्पट-तिप्पट काम पडतं. स्वस्त डब्यात ते झेपत नाही आणि आवाज फाटू लागतो.

आवाज फाटण्याचं आणखी एक कारण तर अगदी क्षुल्लक वाटतं. मारिओचं अमेरिका-जपानमधलं मूळ निन्टेन्डो यंत्र सेकंदाला बरोबर साठ फ्रेम काढतच नाही, ६०.०९८८ काढतं. आजचा पडदा साठवर चालतो. फरक जेमतेम ०.१६ टक्क्यांचा, पण तो साचत जातो. चित्र पडद्याच्या तालावर आणि आवाज मूळ तालावर ठेवला, तर काही मिनिटांत पुढचा आवाज साठवणारी टाकी रिकामी होते किंवा ओसंडते, आणि ‘टक्’ असा आवाज येतो. यावर तोडगा म्हणजे आवाजाचा वेग टाकीच्या पातळीनुसार सतत किंचित कमी-जास्त करत राहणं. अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक सहसा कोणाच्या कानाला लागत नाही.

बटणांचं म्हणाल तर तीन खड्डे ठरलेले. पहिला: जुन्या पॅडवर डावं आणि उजवं एकदम दाबणं शक्यच नव्हतं, म्हणून गेम लिहिणाऱ्यांनी तो विचारही केला नाही. कीबोर्डवर ते सहज दाबलं जातं. ‘झेल्डा २’मध्ये असं केलं की नायक गोळीसारखा सुटतो. तेव्हा दोन्ही आल्यास एकच पुढे पाठवायची सोय हवी. दुसरा: फिरत्या दांडीला कोन असतात. उजवीकडे पळताना अंगठा किंचित खाली सरकला की मोठा मारिओ खाली बसतो आणि घसरत खड्ड्यात जातो. ‘खाली’साठीचा कोन अरुंद ठेवावा, बाजूंचा रुंद. तिसरा खड्डा मेन्यू लिहिणाऱ्यांना दिसतच नाही: जुन्या पॅडवर पळायचं आणि उडीचं बटण शेजारीशेजारी होतं, अंगठ्याचं टोक एकावर दाबून ठेवून मागचा भाग दुसऱ्यावर टेकवला जाई. नव्या चौकोनी मांडणीत डावं बटण पळायला आणि खालचं उडीला दिलं तर अंगठा तसाच लोळवता येतो. उजवं आणि वरचं दिलं तर माणूस दोन बोटं वापरू लागतो आणि का जमत नाही म्हणून वैतागतो.

चित्राबद्दल लोक हिरिरीनं भांडतात, पण प्रश्न बराचसा अंकगणिताचा आहे. जुनं चित्र २५६ गुणिले २४० पिक्सेलचं. १०८० ओळींच्या पडद्यावर ते चारपट केलं तर ९६० ओळी भरतात आणि वर-खाली साठ-साठ काळ्या उरतात. पाचपट केलं तर १२०० होतात, म्हणजे कापावं लागतं. साडेचारपट ताणलं तर काही ओळी चार जाडीच्या आणि काही पाच जाडीच्या होतात आणि पडदा सरकताना जमीन लाटेसारखी थरथरते. २१६० ओळींच्या पडद्यावर मात्र नऊपट बरोबर बसतं. आडवा हिशेब त्याहून अवघड, कारण त्या काळचा पिक्सेल चौरस नव्हताच, ८:७ प्रमाणात आडवा होता. चौरस धरला तर मारिओ काडीपैलवान दिसतो. चारपट किंवा नऊपट करताना आडव्या ताणात पूर्णांक येत नाही, म्हणून आधी ढोबळपणे मोठ्या पूर्णांकाच्या पटीत वाढवायचं आणि मग मऊ पद्धतीनं हव्या रुंदीला उतरवायचं. कडा केसभर मऊ होतात, पण थरथर जाते.

चारी बाजूंचे आठ-आठ पिक्सेल जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे दडत. गेमवाले तिथं कचरा टाकत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’मध्ये पडद्याच्या कडेला चुकीच्या रंगाचे तुकडे उगवतात ते त्यामुळेच, आणि ते दाखवण्यात काही प्रामाणिकपणा नाही. रंगमंचाची विंग प्रेक्षकांना दाखवत नाहीत.

याच्या उलट, ‘सॉनिक’चा धबधबा. १९९१ च्या त्या गेममधलं पहिल्याच भागातलं पाणी म्हणजे उभ्या पट्ट्या आहेत, एक पट्टी रंगीत, एक मोकळी. जुन्या पिवळ्या पिनेच्या वायरमधून जाताना शेजारचे रंग एकमेकांत मिसळत आणि पाणी पारदर्शक दिसे. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्राला अर्धपारदर्शक रंग मिसळता येत नव्हते, म्हणून चित्रकारांनी वायरीच्या दोषालाच कामाला लावलं होतं. आज स्वच्छ चित्रात तिथं पाण्याऐवजी गज दिसतात. इथं ‘जसंच्या तसं’ दाखवणं हीच खोटी गोष्ट. आडव्या दिशेनं अर्धा-एक पिक्सेल मिसळणारी चाळणी द्यावी, उभ्या दिशेला हात लावू नये.

लुकलुकण्याचंही तसंच. निन्टेन्डोच्या त्या यंत्राला एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं काढता येत, म्हणून गर्दी झाली की ती आळीपाळीनं दाखवली जात. आज मर्यादा काढून टाकणं म्हणजे एका आकड्याचा बदल. पण ‘कॅसलव्हेनिया २’मध्ये दलदलीत नायकाचे पाय बुडालेले दिसावेत म्हणून मुद्दाम आठ रिकामी चित्रं त्या ओळींवर ठेवली आहेत. मर्यादा काढली की पाय चिखलावर तरंगतात. सरसकट सुधारणा करणाऱ्याला अशा जागा हटकून चावतात.

मग चुकांचं काय करायचं? इथं मी दोन ढीग करतो. खेळणारा ज्या चुका वापरतो त्या जपाव्यात, ज्या चुका खेळणाऱ्याला वापरतात त्या दुरुस्त कराव्यात, पण सांगून. पहिल्या ‘सॉनिक’मध्ये काट्यांवर पडल्यानंतरच्या लुकलुकत्या क्षणीही दुसरे काटे लागतात आणि जीव जातो. ही दुसऱ्या ढिगातली. मारिओच्या १-२ या लेव्हलमध्ये भिंतीतून घुसून ‘उणे जगात’ जाता येतं, ही पहिल्या ढिगातली, तिला हात लावाल तर दंगा होईल. ‘सुपर मारिओ ६४’मध्ये पाठमोऱ्या लांब उड्या मारत जिने पार करण्याची युक्ती होती. जपानमध्ये १९९७ साली निघालेल्या कंपनवाल्या आवृत्तीत ती बंद केली गेली आणि २०२० च्या ‘३डी ऑल-स्टार्स’मध्ये नेमकी तीच आवृत्ती घेतली. तो संग्रह ३१ मार्च २०२१ ला विक्रीतून काढूनही टाकला. कोणती आवृत्ती घेतली हे डब्यावर छापायला किती शाई लागते? एकाच गेमच्या दोन-तीन आवृत्त्या असतात, तेव्हा आवृत्तीचं नाव, साल आणि देश मेन्यूत लिहिणं हा साधा शिष्टाचार आहे.

देशाचा मुद्दा किती महागात पडतो ते २०१८ च्या ‘प्लेस्टेशन क्लासिक’नं दाखवलं. वीस गेमच्या त्या डब्यात ‘टेकन ३’ आणि ‘जम्पिंग फ्लॅश’सारखे काही गेम युरोपच्या, सेकंदाला पन्नास फ्रेमच्या आवृत्तीतून घेतले होते. साठच्या पडद्यावर पन्नास फ्रेम वाटायच्या म्हणजे दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते. चालताना बारीक ठेच लागत राहते.

पोर्ट, म्हणजे नव्या यंत्रावर आणलेला गेम, बरोबर झाला की नाही, हे तपासण्याची माझ्या माहितीतली सर्वांत निर्दय पद्धत अशी. संपूर्ण गेमची बटणनोंद तयार करायची: कोणत्या फ्रेमला कोणतं बटण दाबलेलं होतं, एवढीच रांग. ती मूळ यंत्राला द्यायची आणि नव्या आवृत्तीलाही. दोन्हीकडे मारिओ शेवटी राजकन्येपाशी पोचला तर ठीक. कुठेतरी एका फ्रेमचा फरक असला तर नव्याकडचा मारिओ थोड्याच वेळात बिनडोकपणे भिंतीवर धडका मारत बसतो. मग दोन्हीकडची मेमरी फ्रेमागणिक ताडून पाहिली की पहिला वेगळा बाइट सापडतो. मारिओत लेव्हल संपल्यावर पुढची लेव्हल सुरू व्हायचा क्षणही २१ फ्रेमच्या घड्याळावर बांधलेला आहे. तो निसटला तर विक्रमवीरांच्या सगळ्या वेळा निरर्थक होतात.

मागे सरकण्याची सोय आता सगळेच देतात, आणि ती द्यावी असंच मला वाटतं. निन्टेन्डोच्या त्या जुन्या यंत्राची मेमरी इतकी लहान की एका क्षणाची पूर्ण स्थिती पाचेक किलोबाइटमध्ये मावते. दर फ्रेमला जपली तरी मिनिटाला अठरा एमबी, आणि फक्त बदललेले बाइट जपले तर त्याचा किरकोळ अंश. मात्र त्यासाठी ‘मागे’चं बटण उडीच्या बटणापासून लांब ठेवावं. आणि विक्रमाच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा या सगळ्याला अपवाद, म्हणून त्याच्यापाशी थांबायला हवं. जॉर्डन मेक्नरनं आपल्या भावाला पळायला-उडी मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि फ्रेम-फ्रेम उतरवून १९८९ मध्ये ॲपल टू या कॉम्प्युटरवर हा गेम आणला. आपल्याकडे तो पोचला डॉसच्या फ्लॉपीतून. मराठी कॉम्प्युटर क्लासच्या एका पिढीला टायपिंगच्या आधी ‘प्रिन्स’ आणि ‘डेव्ह’ येत होते, आणि ‘प्रिन्स मेगाहिट’ असं टाइप केलं की लेव्हल ओलांडता येते ही विद्या शाळेच्या कुठल्याही पाढ्यापेक्षा वेगानं पसरली. त्यातली अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची खोली आठवत असेल. मॅन्युअलमधला शब्द बघून योग्य अक्षराची बाटली प्यायची, ही चोरी रोखायची युक्ती होती. मॅन्युअल कुणाकडेच नसल्यानं आपल्याकडे ती नशिबाची परीक्षा ठरली.

डॉसवरचा प्रिन्स सेकंदाला फक्त बारा फ्रेम चालतो, तलवारबाजीत तर दहा. बटण दाबल्यावर तो लगेच उडत नाही, आधीचं पाऊल पुरं करतो, मगच अंग उचलतो. मारिओत जो उशीर दोष ठरेल, तो इथं त्या माणसाचं वजन आहे. म्हणून ‘गुळगुळीत’ करायच्या हौसेनं याला साठ फ्रेमवर नेऊन बटणाला तात्काळ प्रतिसाद द्यायला लावलं, तर तुटणाऱ्या फरशा, खालून येणारे काटे आणि कचाकच मिटणारे सुळे यांची सगळी लय कोसळते. मधली चित्रं हवी तर नवी काढा, निर्णय मात्र सेकंदाला बाराच वेळा घेऊ द्या.

या गेमचा मूळ कोड हरवला होता. २०१२ मध्ये मेक्नरच्या वडिलांना घरात एका खोक्यात साडेतीन इंची फ्लॉप्या सापडल्या, जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ यांनी त्यांतून तो वाचून काढला आणि मेक्नरनं तो सर्वांसाठी खुला केला. तेवीस वर्षं फ्लॉपी तग धरून राहिली, हे भाग्य. एरवी चुंबकीय थर झडतो. आज पुनर्प्रकाशनाला निघालेल्या कुणालाही पहिला प्रश्न हाच येतो: कोड आहे का, आणि असेल तर तो बांधणारी त्या काळची साधनं आहेत का. नुसता कोड म्हणजे कुकरशिवाय तांदूळ नव्हे, चुलीशिवाय तांदूळ.

कायद्याचं थोडक्यात: गेम स्वतःचा असला तरी त्यातलं सगळं स्वतःचं नसतं. २०२२ च्या ‘सॉनिक ओरिजिन्स’मध्ये ‘सॉनिक ३’च्या तीन भागांचं मूळ संगीत बदललेलं आहे, आणि तो संग्रह येण्याआधी जुन्या सुट्या आवृत्त्या बहुतेक दुकानांतून काढून घेतल्या गेल्या. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत आढळलं. नवी आवृत्ती यावी, पण तिनं जुनीला घराबाहेर काढू नये, एवढं तरी.

आणि आता आपला मारिओ. ‘मूळ’ म्हणजे नेमकं कोणतं, हा प्रश्न महाराष्ट्रात बसून विचारला की उत्तर बदलतं. आपल्याकडे घरोघर आलेली यंत्रं बहुतेक नकली होती, ‘९९९९ इन १’ची पिवळी कॅसेट लावून चालणारी, न चालल्यास फुंकर मारून चालवायची. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला पन्नास फ्रेमचा. पाल टीव्हीसाठी बनलेल्या पुष्कळशा नकली यंत्रांत एक हुशारी होती. युरोपच्या अधिकृत यंत्रात प्रोसेसरच मंद केलेला, १.६६ मेगाहर्ट्झचा, त्यामुळे स्वरही उतरलेले. नकली यंत्रात प्रोसेसर १.७७ वर, म्हणजे मूळच्या १.७९ च्या अगदी जवळ, आणि चित्र संपल्यावर ५१ ओळी नुसतं थांबून मग गेमला पुढच्या फ्रेमची हाक. त्यामुळे जपानी-अमेरिकन कॅसेटचा कोड न अडखळता चाले आणि स्वर जवळजवळ जागच्या जागी राहत. पण सेकंदाला हाका पन्नासच. गाण्याची चाल संथ, शत्रू संथ, आणि उडीची ती बत्तीस फ्रेमची चढण ०.५३ सेकंदांऐवजी ०.६४ सेकंदांची.

म्हणजे इकडे ज्यांचा अंगठा त्या यंत्रावर घडला, त्यांना आजचा अचूक, काटेकोर, साठ फ्रेमचा मारिओ घाईत असल्यासारखा वाटणारच. वय झालं म्हणून नव्हे. अधिकृत संग्रहांत यासाठी पर्याय माझ्या पाहण्यात नाही. मेसेन नावाच्या एम्युलेटरमध्ये मात्र आहे: प्रदेशाच्या यादीत जपान-अमेरिका आणि युरोप यांच्याखाली तिसरं नाव ‘डेंडी’, रशियात खपलेल्या तशाच एका नकली यंत्राचं. ते निवडायचं आणि पडदा पन्नास हर्ट्झवर लावायचा, साठवर ठेवला तर ठेच लागेल. मग १-१ सुरू करून पहिल्या मशरूमसारख्या शत्रूवरून उडी मारून पाहावी.